गजभिये उत्तर मागायचे

सौंसरची माणसं अजून म्हणतात, की गजभियेंना मी हाकलून दिलं. बस स्टँडवर मी दिसलो की बोलणारे गप्प होतात. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस हळूच पलीकडे सरकतो. मी तापट आहे, मान्य. सौद्याच्या वेळी माझ्याइतका आवाज पांढुर्ण्यात कोणाचा चढत नाही. रेल्वे स्टेशनवर टोपलीतून संत्री विकता विकता मी स्वतःची पॅकिंगची शेड उभी केली, ती काही गोड बोलून केली नाही. पण गजभियेंना मी हाकललेलं नाही. ते कसे गेले हे सांगायचं तर आधी ते कसे होते ते सांगावं लागेल.

ते मला सौद्यात मिळाले होते. बोरगावचा एक कारखाना बंद पडला आणि तिथलं कॉम्प्युटर विकायला निघालं. लहान फ्रिजएवढी पेटी, दोन पडदे आणि एक खडखडणारा प्रिंटर. कारखान्याच्या मॅनेजरशी मी दुपारभर घासाघीस केली. भाव माझ्या मनासारखा पडला, तरी मी उठेना.

"आता काय राह्यलं, शेटजी?" मॅनेजर वैतागला.

"हे डबडं चालवन कोन? माह्या बुढ्यानं शिकोलं का मले?"

"मग आता माणूस बी देऊ का संगं?"

"द्या न. माणसाबिगर मशीन म्हणजे बैलाबिगर बंडी."

तो थट्टा करत होता, मी करत नव्हतो. कोपऱ्यात एक सडपातळ माणूस स्टुलावर बसला होता. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मला तो चौकीदार वाटला होता. कारखाना बंद झाल्यावरही तो रोज सौंसरहून येऊन त्या मशीनपाशी बसत असे. कोणी बोलावलेलं नव्हतं. ते वासुदेव गजभिये. माझ्याकडे काम करायला ते लगेच तयार झाले. पगाराचं विचारलंसुद्धा नाही. फक्त म्हणाले, "भाऊ, न्यायसाठी मशीन बंद करा लागते. त्याच्या पहिले मले एक डाव सगळ्यायले विचारून घेऊ द्या."

सगळ्यांना म्हणजे कोणाला? खोलीत आम्ही तिघंच होतो. ते पडद्यासमोर बसले, एकेक कळ दाबत गेले, प्रत्येक वेळी थांबून वाचत गेले. मग उठून म्हणाले, "झालं. आता कोणी राह्यलं नाही." आणि बटण बंद केलं. पंख्याचा आवाज थांबल्यावर त्या खोलीत जी शांतता झाली ती मला आवडली नाही. पण सौदा झाला होता.

शेडच्या मागच्या खोलीत मशीन बसवलं. धूळ येऊ नये म्हणून खिडकीला जाड पडदा, बाहेर कूलर. गजभिये चपला दाराबाहेर काढत आणि त्यांचे अंगठे रस्त्याकडे करून ठेवत. आतमध्ये कायम हिरवट उजेड आणि संत्र्यांचा वास. हमाल त्या खोलीत जायला नाखूश असत. म्हणत, साहेब तिथी कोनासंग तरी बोलते. खोटं नव्हतं. ते मशीनशी बोलत, पण ओरडून नव्हे. दुसऱ्या खोलीतल्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं हळू.

त्यांची एक सवय सगळ्या शेडला ठाऊक झाली. कोणालाही कुठे पाठवलं की तो परत येताच गजभिये उजवा तळहात वर करून त्याच्यासमोर धरत. तोंडानं काही नाही. म्हणजे, काय झालं ते सांग. आमचा म्हातारा हमाल डोमाजी एकदा त्यांच्यासाठी चहा घेऊन आला. कप टेबलावर ठेवला. गजभियेंनी कपाला हात लावला नाही, तळहात वर.

"चहा आनला न जी!" डोमाजी म्हणाला.

"चहा दिसून राह्यला. काम झालं का नाही थे सांग."

"आता समोर चहा ठेवला, आन् काम झालं का म्हून विचारता? झालं न, बाप्पा!"

"हां." मग त्यांनी कप उचलला.

शेडमध्ये हसाहशी झाली. मीही हसलो. पुढे हमाल एकमेकांना विडी देतानासुद्धा तळहात वर करू लागले. गजभियेंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की वस्तू वेगळी आणि उत्तर वेगळं. एक आलं म्हणून दुसरं आलं असं धरायचं नाही.

त्यांचं मशीनवरचं कामही याच पद्धतीचं होतं. त्यांनी सी नावाच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता, त्याचं नाव गेट. धरमकाट्यावर ट्रकचं वजन झालं की हा गेट स्वतः काही करत नसे. तो मशीनमधल्या दुसऱ्या कमांडना हुकूम सोडायचा. तू माल बागेप्रमाणे लाव. तू गेटपास छाप. तू टेपवर नक्कल उतरव. प्रत्येक हुकमासाठी मशीन एक नवं पोर जन्माला घालतं, ते आपलं काम करतं आणि संपतं. संपताना पाठवणाऱ्यासाठी एक आकडा ठेवून जातं. हे मला गजभियेंनीच सांगितलं. तो आकडा वाचल्याशिवाय गेट पुढचा हुकूम देत नसे.

"आकडा कोनता आला म्हणजे काम झालं?" मी विचारलं.

"शून्य."

माझं डोकंच फिरलं. "शून्य म्हणजे झालं? माह्या धंद्यात शून्य आलं तर मी उद्या स्टेशनवर टोपली घेऊन बसन! हे उलटं मशीन तुम्ही माह्या गळ्यात मारलं का?"

"भाऊ, बरोबर व्हायची एकच तऱ्हा राह्यते," ते शांतपणे म्हणाले. "बिघडायच्या लय राह्यते. कागद संपला, टेप अडकली, नाव चुकलं. म्हून बरोबरले एकच आकडा देल्ला, शून्य. बाकीचे सगळे आकडे बिघाडासाठी ठेवले."

धंद्यात इतकी वर्षं काढून मला कोणी ही गोष्ट अशी सांगितली नव्हती.

वर्षभर सुरळीत चाललं. मग एकदा गजभिये काही दिवस आलेच नाहीत. आले तेव्हा दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तिगावला मामाकडे गेलो होतो, एवढंच म्हणाले. मीही खोदून विचारलं नाही. संत्र्याच्या मृग बहाराचा माल यायला लागला होता. पण तेव्हापासून त्यांनी एक नवीनच धरून ठेवलं. मशीन बंद करायचं नाही. वीज गेली की बॅटऱ्यांवर, बॅटऱ्या उतरायच्या आत जनरेटरवर. शेडमध्ये काम नसलं तरी ते पेटलेलं राहिलं पाहिजे.

"तिथी कोनी बाळंत होऊन राह्यलं का?" मी ओरडायचो. "डिझेल का फुकट येते?"

"राहू द्या, भाऊ." बस इतकंच. इतर बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही, पण त्या आवाजापुढे माझा सौदा तुटायचा.

विहिरीची गोष्ट त्याच उन्हाळ्यातली. संत्री धुवायच्या विहिरीतला पंप पाणी ओढेना, म्हणून किसन नावाचा गडी दोराला बांधून खाली सोडला. विहीर जुनी, खोल. अर्ध्यावरून खाली काही दिसत नाही. दोर डोमाजीच्या हातात होता, मी सावलीत उभा. ऐन दुपार. गजभिये त्या वेळी कधी खोलीबाहेर येत नसत. त्या दिवशी आले, अनवाणीच. काठावर येऊन डोमाजीकडे तळहात वर केला.

"ठीक हाय जी," डोमाजी म्हणाला. "दोर ताठ हाय."

"तुले नाही विचारलं. त्याले विचार."

"आता दोर ताठ हाय म्हणजे..."

"त्याले विचार म्हणून राह्यलो न!"

गजभियेंचा चढलेला आवाज मी तेवढाच ऐकला. डोमाजीनं वाकून हाक मारली. "किसना!" विहिरीनं हाक जशीच्या तशी परत दिली. पुन्हा मारली. पुन्हा तीच परत आली, जराशी उशिरानं. गजभिये दोराला भिडले, मग मीही धावलो, आणि आम्ही किसनला ओढून वर काढलं. अंग लोंबत होतं. खाली वाईट हवा साचली होती. तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली, तेव्हा त्यानं डोळे उघडले.

पहिलं वाक्य तो बोलला ते गजभियेंना उद्देशून. "खाली एक जन बसून होता जी."

"कोन?" मी विचारलं. "अबे, दोन हात पाण्यात कोन बसन?"

"डोक्याले फडकं बांधून होता. मले म्हणे, वर गेला तर सांगजो."

गजभिये त्याच्यापाशी गुडघ्यावर बसले. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. "काय सांगजो म्हणे?"

किसननं त्यांची बाही धरली. "थे सांगायच्या पहिलेच तुम्ही मले ओढलं."

विषारी हवेनं माणसाला भास होतात, हे डॉक्टरनंही सांगितलं आणि मला पटलं. गजभिये मात्र संध्याकाळपर्यंत विहिरीच्या काठावर बसून होते. घरी जायची बस चुकवली. मी हटकलं तर मशीनचं काहीतरी सांगू लागले. म्हणाले, "भाऊ, मशीनमधी एकापाठी एक कमांड जोडता येते. पहिली दुसरीच्या हाती देते, दुसरी तिसरीच्या. पन उत्तर फक्त शेवटचीचं येते. मधली मेली तरी शेवटची म्हणते, शून्य. सगळं बरोबर. आज डोमाजी तसंच म्हणे. दोर ताठ हाय." मग खाली पाहून म्हणाले, "स्टेशन मास्तर बी मले तसंच म्हणे."

कोणता स्टेशन मास्तर, हे मला नंतर कळलं. बगिच्याच्या सौद्यासाठी सौंसरला गेलो होतो, तेव्हा गजभियेंच्या घरी डोकावलो. विहारामागे दोन खोल्या. दाराशी बाजेवर त्यांची आई पडून होती, तोंड रस्त्याकडे. हातापायांच्या काड्या झालेल्या, पण नजर तेज. माझी चाहूल लागताच तिनं उशीवरून हात उचलला आणि तळहात वर केला.

मी दचकलो. मग लक्षात आलं, ही खूण गजभियेंची नव्हती. ते इथून घेऊन आले होते.

"मी वासूचा मालक," मी म्हटलं.

"मंग मधूचं काही समजलं नाही?" ती म्हणाली आणि हात खाली ठेवला.

मधुकर म्हणजे गजभियेंचा धाकटा भाऊ. आमल्याला काहीतरी काम मिळेल म्हणून गजभियेंनीच त्याला तिगावच्या स्टेशनवर गाडीत बसवलं होतं. पोहोचला की निरोप दे, असं बजावलं होतं. गाडी आमल्याला पोहोचली. मधुकर पोहोचला नाही. वाटेत कोणी पडलं नाही, कोणी उतरताना दिसलं नाही. तिगावचा स्टेशन मास्तर म्हणाला, गाडी ठीक पोहोचली, सगळं ठीक आहे.

"लोक म्हणते, मेला समजून पुण्यानुमोदन करून टाका," म्हातारी म्हणाली. "कायचं करू? पोळ्याच्या खेळात नदीवर दगड चालते तवा माणसं मरते, त्याचं बी घरी कळते. याचं कोनी सांगतलंच नाही. निळा दुपट्टा डोक्याले बांधून गेल्ता माहा पोट्टा. वासूनं बसोलं गाडीत, तर उत्तर वासूनंच आनाव. मी रोज संध्याकाळी इचारतो त्याले. माहा जीव त्याच्यातच अटकला हाय, शेटजी. उत्तर आलं का मी मोकळी."

गजभिये आतल्या दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मला पाणी दिलं आणि म्हणाले, "चला, बसपर्यंत येतो."

आता त्या दिवसाबद्दल. बोलणाऱ्यांनी हा भाग नीट ऐकावा.

मृग बहाराचा शेवटचा मोठा माल होता. भरलेल्या ट्रकांची रांग गेटपासून रस्त्यावर गेलेली, ऊन चढलेलं, खोक्यांमधला माल तापू लागलेला. संत्रं थांबत नाही. एक दुपार वाया गेली की मार्केटमध्ये तोच माल फेकायच्या लायकीचा होतो. आणि नेमका प्रिंटर थांबला. ड्रायव्हर भोंगे वाजवू लागले.

मी खोलीत घुसलो. गजभिये हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत बसले होते.

"काय झालं?"

"उणे एक येऊन राह्यलं, भाऊ."

"म्हणजे काय बिघडलं?"

"बिघडलं काहीच नाही. काम करायले पाठवाले कोनी नाही. मशीनमधी जेवढ्या जागा राह्यते, तेवढ्या भरल्या. नवं पोर जन्मतच नाही."

"भरल्या? कोनं भरल्या?"

मी टेबलावर मूठ आपटली. तेव्हा त्यांनी दोन कळा दाबल्या आणि पडद्यावर यादी उतरू लागली. मला इंग्रजी अक्षरं लागतात, खोक्यांवरचे शिक्के वाचून शिकलोय. मधु. त्याच्या खाली मधु. खाली पुन्हा मधु. पडदा भरला, वर सरकला, तरी मधु. प्रत्येकाच्या पुढे एकच शब्द, डिफंक्ट.

बाहेर भोंगे चालू होते. कूलरची हवा मला अचानक फार थंड वाटली.

"हे जिते हाय का?" मी विचारलं.

"नाही. संपले. पन विचारल्याबिगर यादीतून जात नाही. बाकी काही उरलं नाही त्यायचं, फक्त उत्तर उरलं. थे हातात धरून उभे राह्यते."

"मंग विचारत काहून नाही? कोनं विचारा लागते?"

"ज्यानं पाठोलं त्यानं." ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. "आई रोज संध्याकाळी विचारते, भाऊ. मग सकाळी इथी आलो का मी एक पाठवतो. गेटमधूनच. त्याले काही काम नाही. जायचं आन् संपायचं. पन मी विचारत नाही."

हा माणूस! चहाचं उत्तर मागणारा, विडीचं उत्तर मागणारा, विहिरीत उतरलेल्या गड्याचं उत्तर त्याच्याच तोंडून मागणारा. यानं हे असं रोज एक साठवून ठेवलं होतं.

"काहून?"

"विचारलं का जाईल."

मी काही दगड नाही. पण बाहेर माझी सगळ्या हंगामाची मेहनत उन्हात उभी होती. मी मशीनच्या मागे गेलो आणि बटणावर हात ठेवला. "बंद करतो. मंग होईल सगळं साफ."

ते उठून मध्ये आले. मला शिवले नाहीत, नुसते समोर उभे राहिले. हात जोडले. "बंद केलं तर जातील, भाऊ. पन न सांगता जातील. एक डाव तसंच झालं. आता पुन्हा नको."

"मंग विचारा! एक तर विचारा, नाही तर मी बंद करतो. दोनातलं एक बोला!"

मी ज्या आवाजात खोक्यांचा भाव पाडतो, त्याच आवाजात हे बोललो. दारात ड्रायव्हर गोळा झाले होते, डोमाजी होता. त्यांनी ऐकलं तेवढंच, आणि तेवढंच गावभर झालं.

गजभिये बसले. बोटं शर्टाला पुसली. विचारायची कळ त्यांनी प्रोग्राममध्ये आधीच बनवून ठेवली होती, व्ही. फक्त कधी दाबली नव्हती. ती दाबली.

शून्य. यादीतला एक मधु गेला. शून्य. दुसरा गेला. ते प्रत्येक आकडा ओठातल्या ओठात वाचत होते. शून्य, शून्य. यादी खालून वर आटत गेली, उन्हाळ्यात जाम नदी आटावी तशी. शेवटी एकच ओळ राहिली. सगळ्यांत वरची, त्यांनी पहिल्यांदा पाठवला होता तो. त्यांचं बोट कळेवर थांबलं. मग दाबलं.

नऊ.

ते पुढे झुकले. पुन्हा वाचलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"हा आपल्यानं नाही संपला, भाऊ," ते म्हणाले. "ह्याले कोनीतरी संपोलं. संपोल्याशिवाय हा आकडा येतच नाही."

"कोनं? मशीनवर तुमच्याशिवाय बसते कोन?"

"थे नाही सांगत मशीन."

त्याच वेळी प्रिंटर खडखडला आणि गेटपास एकापाठोपाठ बाहेर पडू लागले. दारातले ड्रायव्हर ओरडले. मी गेटपास फाडून घेतले आणि बाहेर धावलो. दुसरं काय करायला हवं होतं, ते मला नावं ठेवणाऱ्यांनी येऊन सांगावं.

ट्रक सुटले. मी परत आलो तेव्हा गजभिये काहीतरी टाइप करत होते, थोडंच. संपवून उठले. दाराबाहेर चपला घातल्या, त्यांचे अंगठे रस्त्याकडेच होते.

"आईले सांगा लागते," ते म्हणाले.

"काय सांगाल? आकडा?"

"जे आलं थे." मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "जाऊन येतो, भाऊ."

ते आले नाहीत. मी वाट पाहिली, शिव्या दिल्या, शेवटी डोमाजीला सौंसरला पाठवलं. तो परतला तेव्हा मी दारातच उभा होतो. न विचारताच त्यानं सांगितलं, "कुलूप हाय जी. बाजसुद्धा नाही दाराशी. शेजारचे म्हणते, मायलेक दोघंबी गेले, तुह्या मालकानं हाकललं न त्याले."

बाज नेली म्हणजे म्हातारी जिवंत होती, का नव्हती? शेजाऱ्यांनी ते सांगितलं नाही, आणि डोमाजीनं विचारलं नाही.

मी खोलीत गेलो. मशीन चालूच होतं. यादी कशी पाडायची ते मी पाहून ठेवलं होतं. दोन कळा. गेट होता. त्याच्या खाली एकच ओळ होती, आणि ते नाव मधु नव्हतं.

वासू. पुढे डिफंक्ट.

नागपूरहून मी एक नवा ऑपरेटर आणला. हुशार, भराभर बोलणारा. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "शेठ, एक मेलेला पडलाय यादीत, काढून टाकू का? एका मिनिटाचं काम." मी त्याच्यावर असा ओरडलो की त्यानं महिना संपायच्या आत नोकरी सोडली. तेही माझ्याच नावावर जमा झालं.

त्यानंतर एका दुपारी मी इटारसीहून पॅसेंजरनं परतत होतो. तिगावला गाडी थांबली. मी सुस्तीत खिडकीला डोकं टेकलं होतं. समोर फलाटावरच्या बाकावर एक म्हातारी बसलेली दिसली, आणि तिच्या बाजूला उभे गजभिये. तोच शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. त्यांच्या पलीकडे आणखी एक जण होता, पाठ माझ्याकडे, खांद्यावर पिशवी, डोक्याला निळा दुपट्टा. निळे दुपट्टे आमच्या भागात कितीतरी लोक बांधतात. मी गजांमधून हात काढून ओरडलो, "गजभिये!" म्हातारीनं मान वळवली नाही. पाठमोरा वळला नाही. गजभियेंनी मला पाहिलं.

त्यांनी उजवा तळहात वर केला आणि माझ्यासमोर धरला.

ते मला विचारत होते. काय विचारत होते? मला कोणी कुठे पाठवलं होतं? गाडी हलली. तिगावचं छप्पर मागे गेलं तरी तो हात खाली आला नव्हता.

त्या गाडीतून मी घरी गेलो नाही, सरळ शेडवर गेलो. मागच्या खोलीत चपला बाहेर काढल्या, स्टुलावर बसलो, यादी पाडली. वासू तिथंच होता. व्हीची कळ मला डोळे मिटूनही सापडेल. मी बोट ठेवलं.

सौंसरचे लोक म्हणतात, तिगावला जाऊन विचार, मामाकडे चौकशी कर, एवढं मनाला लागलं असेल तर पत्ता काढ. त्यांना बोलायला काय जातं!

दारात डोमाजी आला. लाइट गेली होती, बॅटऱ्या उतरायला आल्या होत्या, आणि शेडमध्ये महिनाभर एक खोकंही भरायचं नव्हतं. "मालक, आता तरी बंद करू का हे डबडं?"

मी कळेवरून बोट काढलं.

"जनरेटरमधी डिझेल टाक," मी म्हटलं. "आन् टाकून झालं का मले येऊन सांग."